आईची परत मागणी

पोर्तो, २८ ऑगस्ट १९९१

ती. सासूबाईंना इनेसचा सा. न. वि. वि.

घटस्फोटाच्या कागदावर नवरा सुटल्याचं लिहिलंय, सासू सुटल्याचं नाही, म्हणून हक्काने लिहिते. तुमच्या चिरंजीवांनी, येरुनने, आमच्या लेओनोरला सुट्टीपुरतं हेगला नेलं. वीस तारखेला ती परत यायची होती. आली ती येरुनची चिठ्ठी: पोरगी इथे रमली आहे, इथल्या शाळेत नावही घातलंय. फोन केला तर म्हणतो, नऊ वर्षांच्या मुलीला समुद्र हवा असतो. मग पोर्तोला काय विहीर आहे?

पळवलेलं मूल आधी घरी पोचवा, भांडण मग त्या घरच्या कोर्टात करा, असं तुम्ही वर्षानुवर्षं सभांतून गर्जत आलात. तेच सांगणाऱ्या हेगच्या करारावर आपल्या दोन्ही देशांच्या सह्या आहेत. येरुन आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचो. आता तो करार तुमच्याच घरात मोडलाय. कोर्टाची पायरी चढण्याआधी विचारते: तुम्ही आधी त्याची आई, की आधी वक्त्या?

लेओनोरला झोपताना उशी उलटी करून लागते. तेवढं बघा. राग धरलात तरी चालेल, माया मात्र सोडू नका.

आपली,
इनेस

हेग, ५ सप्टेंबर

चि. इनेसला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र माझ्या वाढदिवशी पोचलं. बातमी फोडायला येरुनने तोच दिवस निवडला होता, लबाड कुठला. आमच्याकडे वाढदिवसाला गोलात खुर्च्या मांडतात, जो तो सगळ्यांचं अभिनंदन करतो, कॉफीबरोबर एक बिस्कीट मिळतं आणि डबा बंद होतो. त्या गोलात कुणी भांडत नाही, हे त्याने हेरलं होतं. लेओनोर आता इथेच राहणार, असं त्याने जाहीर केलं आणि माझे भाऊ-भावजया एकमेकांचं अभिनंदन करत सुटले.

मी उठले आणि डबा दुसऱ्यांदा फिरवला. सगळे गारठले. आमच्यात दुसरं बिस्कीट निघालं म्हणजे कुणीतरी गेलं असं समजतात. मग बोलले. म्हटलं, याच शहरात देशोदेशीची माणसं टेबलाभोवती बसली ती एवढ्यासाठी, की जो जास्त चलाख त्याच्या पदरात मूल पडू नये. प्रेम करणारा बापसुद्धा मूल सीमेपलीकडे दाबून ठेवतो तेव्हा त्या मुलाचं घर चोरतो. जगाला हे सांगायचं आणि पोटच्या पोराला सूट द्यायची, हे माझ्याने होणार नाही.

मग लेओनोरला विचारलं, कारण मुलाचंही ऐकायचं असतं. तिने सांगितलं: आई हवी, बाबा हवा आणि दुसरं बिस्कीट हवं. येरुन तिथेच रडला. मी आईच आहे गं, त्याला कुशीत घेतलं आणि मगच तिकिटांचे पैसे मागितले. दोन तिकिटं. पोरीला एकटीला कशी पाठवू? दोन आठवडे राहीन म्हणते. सार्डिन मासे भाजून ठेव.

तुझी न सुटलेली सासू,
आलेइडा

हेग, २ नोव्हेंबर

ती. आईस येरुनचा सा. न.

दोन आठवड्यांसाठी गेलीस आणि नोव्हेंबर उजाडला. तुझ्या कुंड्यांना पाणी मी घालतो, मामा मलाच जाब विचारतात. इनेसला फोन केला तर म्हणते, त्या इथे रमल्यात, पोर्तुगीजच्या वर्गात नावही घातलंय. शब्द ओळखीचे वाटले.

घर फार शांत झालंय. तुझ्याच कराराच्या आधारे तुला परत पाठवावं, असा हा रीतसर अर्ज. लेओनोरला पापा.

तुझा,
येरुन

पोर्तो, ९ नोव्हेंबर

चि. येरुनला आशीर्वाद.

अर्ज वाचला आणि फेटाळला. तो करार सोळा वर्षांच्या आतल्यांसाठी आहे. मी अडुसष्टची.

मात्र दूर राहणाऱ्या पालकाने मुलाला भेटावं, हेही त्याच करारात आहे. ते मी इनेसला रोज जेवताना ऐकवते. काल वैतागून म्हणाली, येऊ दे त्याला नाताळात, पण परतीचं तिकीट आधी माझ्या हातात. लेओनोरने तुझी खुर्ची आत्तापासूनच मांडून ठेवली आहे.

परतीची दोन काढ. दुसरं माझं. वापरीनच असं नाही, इथे बिस्किटांचा डबा कुणी बंद करत नाही.

तुझी वाट पाहणारी,
आई