स्यू म्हणजे मागे जाणे

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी अजून तुमच्या ज्युनिअरवर जळते. सुरगाण्याहून नाशिकला वकिली शिकायला आलेली ती. आपल्या घराची पुढची खोली म्हणजे तुमचं ऑफिस, आणि संध्याकाळी तिथे तुम्ही दोघंच. मी तेव्हा कॉलेजात. एकदा चहा घेऊन आत आले, तर तुम्ही तिला ‘स्यू’ हा शब्द समजावत होतात. दावा लावणे, एवढाच अर्थ तिला माहीत होता. तुम्ही म्हणालात, “मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मागे जाणे. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. आधी नुसतं कुणाच्या मागे जाणं, मग न्यायासाठी मागे लागणं. लग्नासाठी मुलीची मनधरणी करणं हेही पूर्वी स्यूच. हरलेला राजा तह मागतो, तेही.”

“म्हणजे सर, यात भांडण कमी आणि विनवणी जास्त?” तिनं विचारलं.

तुमचा चेहरा असा उजळला! मी ट्रे धरून उभीच. मग तुमचं लक्ष गेलं. “ठेव तिथे. आणि जाताना दार ओढून घे.”

दार ओढलं, पण मी बाहेरच थांबले आहे. आत तुम्ही सांगताय, अंगातला सूटही त्याच घराण्यातला, एकाच कापडाचे, एकामागोमाग जाणारे कोट आणि पँट. ती हसते, तुम्हीही हसता. माझ्याशी तुम्ही मार्कांबद्दल बोलायचात. वकिलीची मला हौस नव्हती बाबा, मला त्या खोलीत बसायचं होतं. सनद हातात आली तेव्हा तुम्ही नव्हतात.

परवा कोर्टात, बाररूममध्ये, माझ्या नव्या ज्युनिअरनं याच शब्दाबद्दल विचारलं. मी रंगून सांगितलं. चहा घेऊन गेले तर बाबा म्हणाले, बस इथे. विनवणीचा प्रश्नही मीच विचारला, असं सांगितलं. सगळे कौतुकानं ऐकत होते. वळून बघते तर मागच्या बाकावर ती. केस पांढरे झालेत तिचे. ती उठली, माझ्या ज्युनिअरला एवढंच म्हणाली, “सर फार छान समजावायचे.”

मी तिच्यामागे जिन्यापर्यंत गेले. “ताई, ते मी...”

“असू दे गं,” ती म्हणाली. “त्या दिवशी तू गेल्यावर सर म्हणाले होते, माझी मुलगी मला कधी काही विचारतच नाही. फार वाटायचं त्यांना.”

रडू यायला हवं होतं. मला आधी रागच आला. हेसुद्धा तुम्ही तिलाच सांगितलंत! मी ताठ मानेनं म्हटलं, “ठाऊक आहे मला. मलाही म्हणाले होते तसं.”

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे कबूल करते. मला ठाऊक नव्हतं, बाबा. ठाऊक असतं, तर काहीतरी विचारलं असतं.