दळणाला दोघींनी जायचं

जुन्नर, ४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास तेजस्विनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझं सगळं घर ऐकतं, म्हणून पत्र. आमच्या संस्थेची पाहणी चालू आहे. जुन्नर-आंबेगावात किती लेकरांना मोठी माणसं नको तिथं हात लावतात, ते मोजायचं. गावोगाव एकच उत्तर, आमच्याकडं असलं काही न्हाई. आपल्या सरपंचांनी तर शिक्का मारून लिहून दिलं आणि वर चहा पाजला.

मग मी आपल्या गावच्या शाळेत मुलींना गावाचा नकाशा काढायला लावला. एकटीनं जायला नको वाटतं तिथं टिकली लावायची, नाव लिहायचं नाही. एकवीस नकाशे आले. सतरांत टिकली रखमाजीकाकांच्या गिरणीवर. आत्या, किळस आली गं. त्याच गिरणीचं पीठ खाऊन मी वाढले. शाळेतल्या बाईंना विचारलं तर सहज म्हणाल्या, की म्हणूनच मुलींना जोडीनं धाडतात.

आमचे साहेब म्हणतात, टिकल्यांनी काही ठरत नाही, कुणी स्वतःहून बोललं नाही तर आपल्या गावापुढं शून्य लिहावं लागेल. सतरा तारखेला अहवाल जाणार. तू त्याच आळीत वाढलीस. तुला ठाऊक होतं का?

तुझ्या हातच्या मासवडीची आठवण येते. लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर धाड.

तुझी तेजू

बेल्हे, ९ फेब्रुवारी

चि. तेजूस अनेक आशीर्वाद.

लिहिलंस ते बरं केलंस, समोर बसून मला हे सांगता आलं नसतं. ठाऊक होतं. सगळ्या गावाला होतं. दळणाला जाताना शेजारच्या साळुबाईला बरोबर घे, असं आई म्हणायची, का ते सांगायची नाही. एकदा साळू तापानं पडली आणि मी एकटी गेले. दहा वर्षांची होते. घरी येऊन रडत सांगितलं तर आईनं डोक्यावरचा डबा उतरवून घेतला आणि पुन्हा एकटी जाऊ नको म्हणाली. संध्याकाळी त्याच पिठाच्या भाकरी झाल्या. माझ्या घशाखाली उतरेनात, तर अन्नाला नावं ठेवते म्हणून मार बसला.

पुढं माझ्या लग्नात मी त्या माणसाच्या पाया पडले. आणि माझी लेक इंद्रायणी सुट्टीत आजोळी निघाली, तेव्हा तिलाही मी हेच शिकवलं, दळणाला दोघींनी जायचं. शहाणपण वाटलं होतं. आता माझीच मला शिसारी येते.

शून्य लिहू नकोस. माझं नाव लिही. प्रयागबाई, आता वय छप्पन्न, तेव्हा दहा. पोलिसांत सांगायचं तर तिथंही सांगेन. मासवडीचा डबा आणते, जीव जप.

काल साळूला फोन केला. ती म्हणाली, की तीही एकदा एकटी गेली होती. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं दोघी येतो.

तुझी आत्या