मखमलीची लव

३ फेब्रुवारी

मला बोलावलंय. मला! वन्संना नाही, मला.

नव्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक दुपारी दुकानात आले होते. उंच, किडकिडीत गृहस्थ. बोलताना दोन्ही हात असे काही हलवतात की जणू पडदा उघडतायत आणि मिटतायत. मी मनातल्या मनात त्यांना पडदेसाहेब करून टाकलं. रंगमंचाचा दर्शनी पडदा आपण शिवायचा, गडद लाल मखमलीचा. आणि मोठ्या शहरात त्यांचं दुसरं थिएटर आहे, तिथल्या कपडेपटाची मुख्य जागा रिकामी आहे. नटनट्यांचे सगळे पोशाख, हाताखाली माणसं, राहायला जागा. "तुमच्या हातचं बेतणं पाहिलंय मी. विचार करा," म्हणाले. मी विचार काय करणार, मी तर हवेतच होते!

वन्सं कोपऱ्यात बटणं लावत होत्या. ते गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "घाई करू नकोस. त्याला विचार." त्याला म्हणजे देवाला. वन्संचा देव फार जवळ राहतो, शेजारच्या खोलीत असल्यासारखा.

यांना सांगितलं. "मला काय, घड्याळं तिकडेही बंद पडतातच," म्हणाले. दुरुस्तीवाल्याला सगळी गावं सारखीच! मग म्हणाले, "पण ताई?"

वन्सं येणार नाहीत. त्यांची दृष्टी उतरत चालली आहे. या दुकानातला प्रत्येक खण, प्रत्येक खुंटी त्यांच्या हाताला पाठ आहे. नव्या जागी त्या आंधळ्या होतील. इथे नाहीत.

५ फेब्रुवारी

लग्न होऊन आले तेव्हा मला साधं बटण लावता येत नव्हतं. सासूबाई नव्हत्या, घरात या मोठ्या नणंदबाई आणि त्यांचं दुकान. पहिले काही महिने त्यांनी माझ्याकडून फक्त उसवून घेतलं. "उसवता आलं की शिवता येतं," म्हणायच्या. मी रडकुंडीला यायचे. आज माझ्यासारखं बेतणारं आसपास कोणी नाही, असं लोक म्हणतात (आणि मी ऐकून घेते).

त्यांची एक रीत मात्र मला कधी जमली नाही. कापडावर खडूनं आखायचं, टाचण्या लावायच्या, आणि मग कात्री खाली ठेवायची. दोन्ही हात कापडावरून बाजूला घ्यायचे. नुसतं उभं राहायचं. मग कापायचं. फ्रॉक असो नाहीतर कोट, त्यात बदल नाही. एकदा विचारलं होतं, "काय विचारता हो एवढं?" तर म्हणाल्या, "कापलेलं जुळत नाही ना परत. म्हणून आधी हात काढायचे. आपलेच हात सगळीकडे असले तर त्याला जागा कुठे?"

किती साधं बोलतात! मला असं एक वाक्य सुचलं असतं तर गावभर सांगत सुटले असते.

१० फेब्रुवारी

हल्ली वन्सं कापडाशी फार वेळ उभ्या राहतात. आज एका गिऱ्हाईकबाईंनी मला खुणेनंच विचारलं, उभ्याउभ्या झोपल्या की काय? मला हसू आलं, मग वाईट वाटलं. डोळ्यांमुळे असणार. रेषा दिसायला वेळ लागत असेल.

सकाळी दुकान उघडलं की मी आधी त्यांच्या सुया ओवून ठेवते. काळ्या दोऱ्याची, पांढऱ्या दोऱ्याची, सगळ्या उशीत ओळीनं टोचून. मी गेले तर हे कोण करणार? हा विचार आला की जाणं नको वाटतं. मग पडदेसाहेब आठवतात आणि सुया विसरते. कसली बाई आहे मी!

१४ फेब्रुवारी

मखमल आली. काय कापड आहे! हात लावला की बोटं बुडतात.

रात्री देवाला सांगितलं, पडदा झक्क झाला तर समजेन, तू जा म्हणतोयस. वन्संना हे सांगितलं तर हसायला लागल्या. "अगं, पडदा चांगला होणार हे तुला ठाऊकच आहे. मग हे विचारणं कसलं? त्याच्याकडून सही घेणं झालं!"

मला राग आला. खरं होतं म्हणून जास्त आला.

१८ फेब्रुवारी

सगळी मखमल बेतून मोकळी! एकटीनं! हे वन्संना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. वन्सं म्हणाल्या होत्या, मी येईपर्यंत थांब. पण एवढं मोठं टेबल रिकामं, तागा समोर, कात्रीला नुकतीच धार लावलेली — हात शिवशिवत होते.

वन्सं प्रत्येक पट्टा वेगळा कापतात, दर वेळी टेबलाच्या त्याच टोकापासून. मी डोकं चालवलं. कापड टेबलभर नेलं, टोकाशी दुमडून परत आणलं, पुन्हा नेलं, पुन्हा आणलं. थरावर थर. मग दुमडीवर कात्री, की पट्टे तयार! चक्क गाणं म्हणत कापले.

हात बाजूला घेऊन उभी राहिले का? नाही. गरजच वाटली नाही.

१९ फेब्रुवारी

वन्संनी विचारलं, "पट्ट्यांच्या मागे बाण काढलेस ना? वरची बाजू कुठली ते?" मी म्हटलं, "बाण कशाला, मला दिसतं की!"

"बरं," म्हणाल्या.

मला दिसतं. कोणाला म्हटलं मी हे! जीभ झडली का नाही माझी?

२७ फेब्रुवारी

कसं लिहू.

पडदा चढवला. दिवे लागले. आणि एक पट्टा लाल, एक काळपट. पुन्हा लाल, पुन्हा काळपट. वरपासून खालपर्यंत. पडदेसाहेबांचे हात पहिल्यांदाच हलायचे थांबले. "हे... असंच ठरलं होतं का?" त्यांनी इतक्या सभ्यपणे विचारलं की धरणी दुभंगावी असं वाटलं मला.

मखमलीला लव असते. एका दिशेनं हात फिरवला की बसते, उलट फिरवला की उठते. उजेडात मग एकीकडून लाल दिसते, उलटीकडून काळपट. मी कापड नेऊन परत आणलं ना, त्यात एकाआड एक पट्टा उलटा झाला. दुकानात टेबलावर पसरलेलं होतं तेव्हा काहीच कळलं नाही. लवीची दिशा पाहायची हे शिकाऊ पोरीलाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. मी पाहिलीच नाही, कारण मी मलाच पाहत होते.

२८ फेब्रुवारी

वाटलं होतं वन्सं बोलतील. पडदा परत आणला, तर त्या आधीच येऊन टेबल मोकळं करून बसलेल्या. उसवायचं हत्यार एक माझ्या हातात दिलं, एक स्वतः घेतलं. "कापड फुकट गेलेलं नाही. सरळ पट्टे आहेत, उलटे फिरवून घेऊ. जुन्या टाक्यांची भोकं शिवणीत जातील."

मी डोळ्यांनी बघून चाचपडत होते. त्या नुसता तळहात फिरवत होत्या. "हा बरोबर. हा उलटा. हा बरोबर." खिडकीकडे तोंड करून, पट्ट्याकडे न बघताच! बसलेली लव आणि उठलेली लव यातला फरक त्यांच्या हाताला असा कळतो जसा आपल्याला ऊन आणि सावली. मी उसवणं थांबवून बघतच राहिले. माझ्या चुकीच्या ढिगात बसून मला त्यांचं एवढं कौतुक वाटत होतं की लाजायचंही विसरले.

"ओरडा ना मला," शेवटी म्हटलं.

"तू ओरडतेयस की आतल्या आत. दोघींनी कशाला?"

६ मार्च

पडदा पुन्हा चढला. एकसारखा, गडद, खोल लाल. पडदेसाहेब बराच वेळ खुर्चीत बसून बघत होते. मग म्हणाले, "चुकतात सगळेच. झटकन उसवायला बसणारी माणसं कमी. जागा अजून तुमचीच आहे."

मी नाही म्हणून आले.

कुठल्या तोंडानं हो म्हणू? देवानं याहून मोठ्यानं काय सांगायचं? पट्ट्यापट्ट्यांनी लिहून दाखवलं त्यानं, तुझी लायकी नाही म्हणून. घरी येऊन सांगितलं, तर हे नुसतं घड्याळ पुसत राहिले. वन्सं म्हणाल्या, "असं म्हणाला तो?" आणि एका झबल्याचं कापड घेऊन उभ्या राहिल्या. झबलं ते केवढं! पण किती वेळ उभ्या.

मला मनातून बरं वाटलं. उद्याही त्यांच्या सुया मीच ओवणार.

८ मार्च

आज वन्सं चिडल्या! माझ्यावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी कोणा गिऱ्हाईकाला सांगत होते, की मी आता मोठं काम घेत नाही, माझा हात तसा बेताचाच. ती बाई गेली आणि वन्सं कडाडल्या, "आधी म्हणे माझ्यासारखी कोणी नाही, आता म्हणे माझ्याएवढं वाईट कोणी नाही. पण दोन्हीकडे तुझं 'मी' आहेच! जरा बाजूला हो ना. त्याला बोलू दे."

मग माझ्याकडे पाठ करून मशीनवर बसल्या. पाय चालवत होत्या, पण सुईखाली कापड नव्हतं.

९ मार्च

सकाळी सुया ओवायला गेले तर सगळ्या ओवलेल्या. काळ्या दोऱ्याची, पांढऱ्या दोऱ्याची, उशीत ओळीनं. उशीवर सुईत दोरा ओढून घ्यायचं तारेचं एक बारीक ओवणं ठेवलेलं. त्यांनी गुपचूप हातानं चाचपून ओवायला शिकून घेतलंय!

"वन्सं, हे कधी?"

त्यांनी माझा हात धरला. "तुला बोलावलं ना, त्याच दिवशी मी त्याला विचारलं होतं. जाऊ दे तिला, असं स्वच्छ उत्तर आलं. मला नको होतं ते. म्हणून रोज कापडाशी उभी राहून तेच विचारत होते, आज तरी वेगळं येतंय का बघायला."

पडदेसाहेबांना फोन त्यांनीच लावला. मी फक्त हो म्हटलं.