सॅम्पल फ्लॅटमधली पहिली

पनवेल,
११ जून २०२५

ती. वेणूआत्यास,
दिपिकाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर नुसतं घूंघूं ऐकू येतं आणि मोबाईलच्या काचेवरचं वाचवत नाही, तेव्हा सरळ शाईनं लिही, अशी तुझी आज्ञा झाली. म्हणून पोस्टात जाऊन पाकिटं आणली. अक्षराला नावं ठेवू नकोस. पहिलीच्या बाईंचं अक्षर आहे, मोठं आणि गोलच असणार.

बातमी अशी की आपल्या गावच्या शाळेची इमारत धोकादायक ठरली. दुरुस्ती होईपर्यंत दुसरी ते चौथीचे वर्ग देवळाच्या सभामंडपात भरणार. माझ्या पहिलीला जागाच उरली नाही. शेवटी हेडमास्तर कमलाकर सर मला म्हणाले, तुमच्या भावाच्या साइटवर ते नमुन्याचं घर आहे ना, ते मिळेल का?

तू ते पाहिलेलं नाहीस. इमारत उभी राहायच्या आधी गिऱ्हाइकांना दाखवायला गेटजवळ एक फ्लॅट बांधून, सजवून ठेवतात. त्याला सॅम्पल फ्लॅट म्हणतात. हरेशदादाचं तेवढंच पुरं झालं. बारा मजल्यांच्या जागी नुसते खांब उभे आहेत आणि त्यांच्या सळया गंजल्यात. भागीदाराशी झालेलं भांडण कोर्टात गेलं, तेव्हापासून दीड वर्ष काम बंद.

मी दादाला विचारलं, तर हो नाही की नाही नाही. दुसऱ्या दिवशी वॉचमन काळूरामच्या हाती चावी आली. निरोप एवढाच, की काही खराब होता कामा नये. हेतलवहिनी म्हणते, हल्ली तो बाहेरच पडत नाही. टीव्ही लावतो, पण आवाज बंद ठेवून बघत बसतो.

तुझ्या गुडघ्याला आराम असेल. बाकी क्षेम. लोभ आहेच, तो पाकिटातून पाठवत राहा.

तुझी,
दिपिका

*

नागाव,
१८ जून २०२५

चि. दिपिकास,
वेणूआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमनला वाटलं कोर्टाचा कागद हाय. तो दारात उभा राहून माझं तोंड बघत होता. मी हसले, तेवा गेला.

आता सांग, पोरं हॉलमधे बसवणार का बेडरूममधे? अभ्यास नाय केला तर बाथरूममधे उभं करशील काय? आमच्या वेळी शाळेत शेणानं सारवायला लागायचं, तुझ्या शाळेला म्हणे सजवलेलं घर. तुमी नशीबवान.

हरेशाचं वाचून मात्र जेवण गोड लागलं नाय. तो लहानपणी एक मिनिट गप बसायचा नाय, भाताच्या मळणीत सुदा गाणं म्हणायचा. आवाज बंद करून टीव्ही बघतो म्हणजे माझ्यापेक्षा त्याची गत वाईट. माझे कान तरी म्हातारपणानं गेले.

वर्ग कसा मांडलास ते नीट कळव. मला बसल्या जागी दिसलं पायजे. पावसात भिजू नको. आशीर्वाद हाये, अजून लागले तर मागून घे.

तुझी,
आत्या

*

पनवेल,
२९ जून २०२५

ती. वेणूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पहिली हॉलमधे बसते. ऐक आता, तुला दिसेल असं सांगते.

भिंतीला सोनेरी पानांचा कागद आहे. खिळा ठोकायची सोय नाही, म्हणून पडद्याच्या दांडीला सुतळी बांधून मुळाक्षरांचे तक्ते चिमट्यांनी वाळत घातलेत. वारा आला की क ख ग घ हलतात आणि पोरं त्यांच्याबरोबर डुलतात. किचनच्या ओट्यावर गोष्टीची पुस्तकं आडवी लावली. खालच्या ट्रॉल्यांमधे खडू, मणी आणि मोजायला चिंचोके. भिंतीवरचा टीव्ही खोटा आहे, आत नुसता पुठ्ठा. त्यालाच फळा टेकवून ठेवला. सोफ्यावर जुनी चादर घालून ती खालून बांधली. बेडरूमच्या दाराला दोरी आडवी लावली, कारण तिथला पलंग पाहून पोरांच्या पायांना उड्या सुटतात. टेबलावरच्या परडीतली सफरचंदं प्लॅस्टिकची. प्रितमनं पहिल्याच दिवशी एक चावलं आणि कच्चं आहे म्हणून परत ठेवलं.

सगळं बेताप्रमाणे जमलं, पण एक मुलगी आत येत नाही. काळूराम वॉचमनची मिताली. गेटजवळच्या पत्र्याच्या खोपीत राहते, म्हणजे सगळ्यांत जवळचं घर तिचं. सकाळी सगळ्यांच्या आधी येते, चपला काढून नीट लावते, आणि पायरीवर बसते. मी गोष्ट सांगते ती तिथूनच ऐकते. पाटी दिली तर पायरीवर बसून लिहिते. हात धरून आणायला गेले तर अंग असं ताठ करते की माझाच हात गळून पडतो. परवा तिरका पाऊस आला, अर्धी भिजली, तरी उठली नाही. मी छत्री उघडून तिच्या बाजूला उभी राहिले आणि तिथूनच पाढे घेतले. वर्ग बघायला आलेले कमलाकर सर हसले. मला रडू येत होतं.

काय करू ते सुचव. तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
दिपिका

*

नागाव,
६ जुलै २०२५

चि. दिपिकास,
अनेक आशीर्वाद.

तुझी मिताली दोन दिवस डोक्यातून जात नाय. पोरगी हट्टी असती तर शाळेलाच आली नसती. ती सगळ्यांच्या आधी येते म्हणतेस, म्हणजे तिला यायचं हाय. मग आत काय हाय जे तिला नको? तुला ठाऊक नसेल तर तिच्या आयशीला असेल. शाळेत बोलावून विचारू नको, बाई घाबरेल. त्यांच्या खोपीत जा, चहा दिला तर पी.

आणि एक विचारते, राग मानू नको. तू सोफा बांधलास, दाराला दोरी लावलीस. पोरांनी काय करायचं नाय तेवढं मला दिसलं. काय करायचं तेपण लिही.

सुक्या मासळीतली करंदी पाठवायची हाय, कोण येणारं असेल तर कळव. माया आटायची नाय, काळजी नसावी.

आत्या

*

पनवेल,
१५ जुलै २०२५

ती. वेणूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. खोपीत गेले. छत गळतं, म्हणून चुलीवर पातेलं आणि पातेल्यावर परात. तशात चहा झाला.

मितालीची आई दोन वर्षांपूर्वी हा सॅम्पल फ्लॅट पुसायला होती. गिऱ्हाइकं यायच्या आत काच न् काच लख्ख लागायची. पोरगी तेव्हा चार वर्षांची, ठेवणार कुठे? पायरीवर बसवायची आणि आत पाय टाकायचा नाही म्हणून सांगायची. एकदा गिऱ्हाईक असतानाच ती आत शिरली आणि बेडरूममधल्या पलंगावर जाऊन झोपली. ऑफिसातला माणूस ओरडला. त्याच्यादेखत आईनं तिला फटके दिले. मला सांगताना ती बाई परातीकडे बघत होती. म्हणाली, बाई, आता मी रोज सांगते जा गं आत. पण मारून शिकवलेलं सांगून कसं जाणार?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मितालीशेजारी पायरीवर बसले आणि तिथून वर्ग बघितला. आत्या, तुझ्या पत्राचा राग आला होता, तो तिथं गेला. बांधलेला सोफा, दोरी, आणि दर पाच मिनिटांनी माझाच आवाज: प्रितम, भिंतीला हात नको, अमकं पडेल, तमकं फुटेल. तिला आत ये म्हणणारी मी, आणि आत गेल्यावर काय होतं तेही तिला रोज दाखवणारी मीच.

मी दादाला फोन केला. सोफा काढते, भिंतीचा कागद काढून तिथं काळा रंग देते, एवढी परवानगी दे म्हटलं. तो म्हणाला, आज सोफा, उद्या पलंग, परवा घरच पाड. गिऱ्हाईक आलं तर काय दाखवू? दीड वर्षात कुत्रं फिरकलं नाही तिथं, असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्यानं फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही.

त्याला माझं ऐकू येणार नाही. तू लिहिशील का? तुझ्या पत्राकडे डोळे लावून आहे.

दिपिका

*

नागाव,
२० जुलै २०२५

चि. हरेशास,
वेणूआत्याचे अनेक आशीर्वाद.

दिपिकानं मला लिहायला सांगितलं, ते लपवत नाय. पण तिची बाजू मांडायला हे पत्र नाय. माझी एक गोष्ट सांगते.

कान गेले तेवा मी वर्षभर कोणाला सांगितलं नाय. कोणी बोललं की हो हो म्हणायची, लोक हसली की मी पण हसायची. एकदा बाजूच्या वसुंधरेनं तिचा भाऊ गेला म्हणून सांगितलं, आणि मी म्हटलं, बरं झालं हो. ती उठून गेली. मी घरात येऊन दार लावलं. मग लोकांकडे जायचंच सोडलं, म्हणजे चुकायला नको. तुला ठाऊक असेल, दोन वर्षं मी कुठल्या लग्नाला आले नाय. पाय दुखतात म्हणून सांगायची.

शेवटी तिच्याच दारात जाऊन सांगितलं, बाय, मला ऐकू येत नाय, आणि आता यायचं पण नाय. मला वाटलं लोक हसतील. तर वसुंधरा माझ्या बाजूला येऊन बसली, कानाशी तोंड आणलं आणि परत सगळं पहिल्यापासून सांगितलं. तवापासून सगळी जवळ येऊन बोलतात. एवढी जवळ लोक माझ्या कधी बसली नव्हती.

बाबा, इमारत व्हायची नाय, तर नाय म्हण. तू हो हो म्हणतोस तवर तुझ्या बाजूला कोणी बसायचं कसं?

सॅम्पलचं काय ते तुझं तू ठरव. घर तुझं हाय. फक्त एकदा तिथं जाऊन ये. तुला बघायला आसुसलेली,

आत्या

*

पनवेल,
१० ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
हरेशचा सा. नमस्कार.

शाळा सोडल्यापासून पत्र लिहायची ही पहिली वेळ, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घे. दिपी तपासून देते म्हणाली, मी तिला दिलं नाय.

तुझं पत्र आठ दिवस खिशात होतं. मग गेलो. आत जायचा विचार नव्हता, गाडीतून बघून परत फिरणार होतो. पण पायरीवर ती पोरगी दिसली. आत सगळी कविता म्हणत होती आणि ही बाहेर बसून त्यांच्याबरोबर ओठ हलवत होती. मी उतरलो आणि दाराकडे गेलो, तर तिनं माझी पँट धरली. म्हणाली, काका, आत जाऊ नका, तो साहेब ओरडतो.

मी तिच्या बाजूला बसलो. सांगितलं, साहेबाचा साहेब मीच, आता कोणी ओरडणार नाय. तिनं माझ्याकडे बघितलं, पण विश्वास काय ठेवला नाय. बरोबरच हाय म्हणा. माझ्या बोलण्यावर अख्ख्या पनवेलीत कोणी ठेवत नाय, हिनं काय म्हणून ठेवावा?

मग बोलत नाय बसलो. आत गेलो, दिपीला म्हटलं सोफ्याचं दुसरं टोक धर. दिपीनं हातातला खडू ठेवला. चादर सोडली, सोफा उचलला, आणि दारात अडकला बघ. तो सुताराकडून आतच जोडून घेतला होता, ते मी विसरलो. पोरं आतून ढकलायला लागली, प्रितम का कोण तो तर डोक्यानं. सोफा हलेना. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी ओढतंय असं वाटलं. वाकून बघतो तर मिताली, दोन्ही हातांनी सोफ्याचा पाय धरून, दात आवळून ओढते. एक कोपरा खरकन गेला, भिंतीचा पोपडा निघाला, सोफा बाहेर आणि आमी सगळी एकावर एक. पोरं हसली. भिंत खरवडली तरी कोणी ओरडलं नाय, हे तिनं बघितलं. मी उठून आता पलंग म्हटलं आणि आत वळलो. पोरं माझ्यामागे धावली आणि त्यांच्यात ती पण होती. दिपीनं माझा हात एवढा घट्ट दाबला की अजून दुखतो. मागे बघू नको म्हणाली. मी नाय बघितलं.

पलंग मात्र नाय काढला. मिताली त्यावर चढून आडवी पडली आणि उठेना. दिपी म्हणाली, राहू दे, तिथं पुस्तकं वाचतील. आता दोरी काढली, पोरं चार चार जणं पलंगावर लोळून वाचतात. सोनेरी कागद मी स्वतः सोलला. भिंतीला खालून पोरांच्या उंचीएवढा काळा रंग दिला. रंग सुकायच्या आतच खडू घेऊन उभी होती सगळी.

त्या दिवशी काळूरामशी बोललो. म्हटलं, इमारत होणार नाय रे, निदान माझ्या हातून नाय. तो म्हणाला, साहेब, ते आमाला केवाच कळलेलं, तुमाला कसं सांगायचं म्हणून गप होतो. घरी हेतलला सांगितलं, ती पण तेच म्हणाली. बघ, सगळ्यांना ठाऊक, एक मी सोडून. त्या संध्याकाळी ती माझ्या बाजूला येऊन बसली आणि टीव्हीचा आवाज लावला.

रविवारी काळूराम आणि मी रस्त्यावरचा मोठा बोर्ड उतरवला. बारा मजले, खाली निळा स्विमिंग पूल, वर आकाश. फ्लेक्स चांगला जाड होता. टाकून काय देणार? त्यांच्या खोपीच्या पत्र्याखाली आतून ताणून बांधला. मी चित्र वर करून बांधत होतो, मला ते बघायचं नव्हतं. मितालीची आई म्हणाली, दादा, चित्र आतल्या बाजूनं करा ना, पोरीला झोपताना बघायला होईल. म्हणून उलटून बांधला. आता त्यांच्या डोक्यावर माझी अख्खी इमारत हाय, सगळ्या खिडक्यांत दिवे लागलेले. पावसाची सर आली तशी आमी सगळी आत उभं राहून वर बघत होतो. एक थेंब गळला नाय. मिताली बोट वर करून मजले मोजत होती, आणि मी तिला सांगत होतो कुठल्या मजल्यावर काय काय करणार होतो ते.

गणपतीत तुला न्यायला गाडी घेऊन येतो, पाय दुखतात म्हणू नको. तुझ्या बाजूला बसून बोलायचं हाय.

तुझा,
हरेश