नकाशात नसलेली भिंत

धाकटे,

थोरल्या जावेचा आशीर्वाद, नको असला तरी घे. गुडघे कसे आहेत? (रोज सकाळी कण्हतेस ते भिंतीपलीकडून ऐकू येतं, पण विचारायची रीत आहे.) नऊ वर्षं बोलणं बंद, म्हणून हाक न मारता पत्र टाकते आहे. पोस्टमन हसला तर हसू दे.

माझं काही बरं नाही. परवाच्या पावसात स्वयंपाकघरात पुन्हा घोटाभर पाणी. पिठाचा डबा तरंगत दारापर्यंत गेला. नशीब बघ, आपल्या गल्लीच्या गटाराचं काम माझ्याच नातीकडे आलंय. काम म्हणजे काय, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचं, नकाशावर गल्लीचे तुकडे पाडायचे, आणि प्रत्येक तुकड्यातलं पाणी सगळ्यात लांबून कुठून निघतं नि कुठे पोचतं त्याची रेघ ओढायची. पहिली रेघ तिने खालून वर ओढली, तर पाणी चढ चढून गल्लीच्या वरच्या टोकाच्या टाकीपाशी गेलं. (सोळा वर्षं शिकली आहे, मी दुसरी पास.) सुलट ओढल्यावर पाणी माझ्या अंगणातून तुझ्या परसात, तिथून नाल्यात, अकरा मिनिटांत. साहेब खूश! मी म्हटलं, "बाई गं, अकरा मिनिटांत ते माझ्या शेगडीखाली असतं. मध्ये भिंत आहे ना." तर म्हणते, "आजी, मोजणीत नुसता उतार आलाय. भिंत आलीच नाही." मग मी अंगणाच्या वरच्या टोकाला बादली ओतली आणि काठी टेकत पाण्यामागून चालले. भिंतीशी थबकलं, वळलं, मागच्या दाराने आत. पोरगी उंबऱ्यावर डोकं धरून बसली. भिंत दाखवली तर पाण्याला वाटच उरत नाही, न दाखवली तर मी आयुष्यभर पाण्यात. सोमवारी नकाशा द्यायचाय, नाहीतर नवी नोकरी जाते. मी रडत नाही. घरात पाणी पुरेसं आहे.

तुला काही मागायचं नाही. कळावं म्हणून लिहिलं.

थोरली

ता. क. भिंतीला तळाशी हातभर भोक पाडलं तर रेघ खरी होते. पाणी तुझ्या परसातून जाणार, म्हणून तुझी सही हवी. सोबतच्या कागदावर कर.

आणखी ता. क. भिंत मीच बांधली होती, ठाऊक आहे. म्हणूनच फोडायला सुरुवात तुझ्या बाजूने कर. मला कोणी फोडताना पाहिलं तर नऊ वर्षं वाया गेली. पहार भिंतीवर ठेवली आहे. गुडघे दुखत असतील तर बसून फोड.