लाल चिमटा

ता. ४, मंगळवार

ताईस धाकट्याचा नमस्कार.

हे पहिलं पान आबांना मोठ्यानं वाचून दाखव. दुसरं नको. विचारलंच तर सांग, त्यात नुसती पिल्लांची माहिती आहे.

आबा, मी मजेत आहे. जेवण वेळेवर, झोप वेळेवर. इथं दोनशे जोड्या आहेत, पिंजरे एकावर एक, कपाटाच्या खणांसारखे. पक्षी कॉकटील जातीचे. मुठीत मावतील एवढे, डोक्यावर तुरा, गालावर नारंगी ठिपका, जणू कुणीतरी आत्ताच थोबाडीत दिलीय. माझ्याकडच्या चार पिल्लांना पंख फुटले. परवा एकानं पहिली भरारी मारली ती थेट चष्मेकाकांच्या टकलावर. चष्मेकाका इथले सगळ्यांत जुने कामगार. ते म्हणाले, "बस बाबा, तिथं नाहीतरी काही उगवत नाही." मालक बरे आहेत. कामाची घाई आहे, रजेचं जमत नाही. औषध थुंकत जाऊ नका.

आता दुसरं पान.

ताई, आबांना कूस बदलून दे आणि मग स्वयंपाकघरात जाऊन वाच.

तू लिहिलंस, "तुझा मालक माणूस आहे की दगड? सख्ख्या बापाच्या आजारपणाला रजा देत नाही? आता मीच त्याला पत्र लिहिते." ते वाचलं आणि लगेच कागद घेऊन बसलो. लिहू नकोस. का ते सांगतो. फोनवर तू "बोल ना, बोल ना" करतेस आणि मी हवापाणी सांगून मोकळा होतो. कागदावर तरी खोटं लिहिताना हात थांबतो. पहिल्या पानावर नाही थांबला, ते सोड.

या पक्ष्यांची एक रीत आहे. अंडी नर-मादी दोघंही उबवतात. दिवसा नर बसतो, रात्री मादी. सकाळी नर अंड्यांच्या लाकडी पेटीच्या तोंडाशी आला की मादी उठते, दाणे खाते, पंख झाडते. संध्याकाळी तो उठतो. घड्याळ लावावं इतकं चोख. आणि आमची रीत अशी, की ज्या पिंजऱ्यात अंडी आहेत त्याच्या जाळीला लाल चिमटा लावायचा. कपडे वाळत घालायचा असतो ना, तोच. लाल चिमटा दिसला की त्या जोडीला हात लावायचा नाही.

दोनेक महिन्यांपूर्वी मी धुणं धुतलं. चिमटे कमी पडले, म्हणून एका पिंजऱ्याचा काढून मोज्यांना लावला. म्हटलं, वाळले की परत लावू. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मालक बाहेरूनच ओरडले, "एक चांगला नर दे रे, शीळ घालणारा!" सकाळची वेळ. त्या पिंजऱ्यातला नर दाणे खाऊन, पेटीत जाण्याआधी दांडीवर बसून मजेत शीळ घालत होता. जाळीला चिमटा नाही. मी धरला आणि दिला. तासाभरात गिऱ्हाईक गाडीत बसून लांबच्या गावी गेलं.

मोजे काढताना चिमटा हातात आला तेव्हा ट्यूब पेटली.

मादी उठलीच नाही. दिवसा बसली, रात्री बसली, परत दिवसा बसली. पेटीच्या तोंडाशी दाणे ठेवले, पाण्याची वाटी टांगली. मान लांब करून दोन दाणे उचलायची, की परत आत. चौथ्या दिवशी हातात घेतली तर छातीचं हाड सुरीसारखं बोटाला लागलं. मी वैतागून म्हणालो, "येडी आहे ही. पाच मिनिटं उठली तर काय अंडी पळून जाणारेत?"

चष्मेकाका म्हणाले, "येडी कशानं? तिला वाटतंय तो आत्ता येईल. आला की उठायचं, एवढंच तिला ठाऊक."

ताई, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पाचातल्या चार अंड्यांतून पिल्लं निघाली. तिनं आठ-दहा दिवस भरवलं आणि मग एका सकाळी बाहेर येऊन कोपऱ्यात बसली ती बसलीच. अंगात राहिलंच नव्हतं काही. मग पिल्लं मी घेतली. चमच्याच्या कडा वाकवून चोच करायची, पीठ कोमट कालवायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचं. दर दोन तासांनी. मालकांना म्हणालो, चूक माझी, निस्तरतो मीच. ते म्हणाले, "शाब्बास." तुला कळवलं, पिल्लं लहान आहेत, मालक सोडत नाहीत.

मालक सोडत होते. हेच लिहायचं होतं.

त्यांनी कधीच रजा दिली होती. तुझं दवाखान्यातलं शिकाऊ काम सुरू होणार होतं ना, त्याच्या चार दिवस आधीची. वर म्हणाले, "घर महत्त्वाचं. हवे तेवढे दिवस राहा." मोजे धुतले ते प्रवासासाठी. पिशवीसुद्धा भरली होती. आणि चूक झाली तेव्हा, खरं सांगू, वाईट वाटलं, पण आतून कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं. आता कुणी मला जा म्हणणार नाही. मालकांना सांगितलं, आबांना उतार आहे. तुझ्यासमोर मालकांना दगड केलं. तुझी जागा गेली ती मालकांमुळे नाही.

मला ती खोली नको होती गं. आबांची खाट, औषधांचा वास, ते भिंतीवरचं कॅलेंडर. निघताना सहा महिन्यांत येतो म्हणालो होतो, दोन वर्षं झाली. आमच्या शेडला दोन दारं आहेत. पक्षी उडू नयेत म्हणून पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दिवसातून शंभरदा मी त्या दोन दारांच्या मधे उभा असतो, एक हात पुढं, एक मागं. तिथं उभं राहिलं की मला घर आठवतं.

पण आता पिल्लं आपलं आपण खातात. कालपासून चमचा समोर धरला तरी तोंड फिरवतात, बेइमान कुठली. मोठ्या पिंजऱ्यात सोडली. मादीही तिथंच असते, भरलीय आता. ती दांडीवर जराशी सरकली आणि जागा करून दिली. माझ्याकडे एकही सबब उरली नाही. आणि चार जिवांना दर दोन तासांनी भरवलेला माणूस आबांना दर दोन तासांनी कूस बदलून देता येत नाही असं कोणत्या तोंडानं म्हणेल?

तुझ्या शिकाऊ कामाची दुसरी तुकडी वीस तारखेला. तिसऱ्यांदा कुणी विचारणार नाही, हे तू लिहिलं नाहीस, पण मला कळतं. सतराची गाडी आहे, अठराला सकाळी पोचतो. दोन दिवसांत औषधांच्या वेळा दाखव आणि जा. सहा महिने मी आहे.

माझा भरवसा धरू नकोस. मी धरत नाही. स्टेशनावरून दुसरीकडेच जाणारी गाडी दिसली तर माझे पाय काय करतील सांगता येत नाही. म्हणून या पाकिटात माझं ओळखपत्र घालतोय. विकण्याआधी पिल्लांच्या पंखांची पाच-पाच पिसं कापतात. दुखत नाही, सहाएक महिन्यांत परत येतात, पण तोवर लांब जाता येत नाही. या कार्डाशिवाय मला कुणी कामावर ठेवणार नाही. तुझ्या ट्रंकेत, कुलपात ठेव. मी मागितलं, रडलो, भांडलो तरी सहा महिने देऊ नकोस.

मी दारात आलो की चहा टाकू नकोस, हालहवाल विचारू नकोस. फक्त ऊठ.

तुला उठवायला येणारा,
तुझा धाकटा

ता. क. लाल चिमटाही घातलाय. तो आबांच्या खोलीच्या पडद्याला लाव.