उजळलेले थालेर

प्रिय ताई,

हे पत्र तुझ्या शिलाईच्या दुकानावर पाठवतोय. घरी फोन केला की तुमच्याकडे स्पीकर लागतो, आणि हे भाऊजींच्या कानावर जायला नको.

इथं कॅनडात, मिसिसागात थंडी पडलीय. दिवसभर विमानतळाजवळच्या वेअरहाऊसमध्ये खोकी उचलतो, झोपायला भाऊजींच्या राजनकाकांचं बेसमेंट. तिथंच त्यांच्या थालेरचं कपाट आहे. थालेर म्हणजे जर्मनी एक व्हायच्या आधी तिथं जी बारकी बारकी राज्यं होती, त्यांची चांदीची नाणी. सॅक्सनी, हॅनोव्हर, प्रशिया. नाण्यांवर जाडजूड राजे, सगळे काळपटलेले. तो काळेपणाच खरा, म्हणायचे काका. बोट लावू द्यायचे नाहीत.

दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी कपाट उघडलं, तर निम्मे राजे लखलखीत. खरे गेले, कुणीतरी नकली आणून ठेवले, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. बेसमेंटमध्ये राहतं कोण? मी. दहावी नापास, पायाला भिंगरी. त्यांचा मुलगा विक्रम आला, सॉरी सॉरी करत माझी बॅग उपसून गेला. मला उलट त्याचाच संशय. कामावर कुणी नुसतं बघितलं तरी वाटायचं, ह्यालाही कळलंय.

मग रविवारी लाँड्रीच्या सिंकपाशी सुहासिनीकाकू दिसल्या. चिंच आणि रांगोळी घेऊन देवाची भांडी घासावीत तसे उरलेले राजे घासत होत्या. कपाटाची किल्ली त्यांच्याच जुडग्यात. म्हणाल्या, विक्रम, आवर लवकर, आज लक्ष्मीपूजन. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. आणि मी विक्रम नाही.

आधी वाटलं, नाटक. पाळत ठेवली. नाटक नाही गं. तव्यावर पोळी टाकून गॅस लावायचाच विसरतात. आईला होममध्ये ठेवून घर विकायचं, हे विक्रमचं बोलणं मी खालून ऐकलंय. त्याला निमित्तच हवंय. आणि काकांना काहीच कळत नसेल? मला तर वाटतं, त्यांना चोर सापडलेलाच बरा वाटतोय.

म्हणून मी काकूंचं नाव घेतलं नाही. शनिवारी व्हँकुव्हरला निघतो, तिकडे काम आहे. मी गेलो की काकांचा तुमच्याकडे फोन येईल. लहानपणी जत्रेतली शिट्टी उचलली होती मी, त्यामुळे तुझाही संशय आधी माझ्यावरच जाईल. भाऊजींना काही सांगू नकोस, सांगितलंस की ते काकांपर्यंत जाणार. भाऊजी बोलतील ते खाली मान घालून ऐक. फक्त मनातल्या मनात एकदा म्हण, आमचा शिवा तसा नाही. तेवढ्यासाठी लिहिलं.

तुझाच,
शिवाजी